खरवस जमतो, दही लागते

वर्षातून एखाददुसऱ्या वेळी कऱ्हाडजवळच्या मामांकडून आमच्याकडे चीक येतो. गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचा, पिवळसर, बोटाला चिकटणारा. मामी तो स्टीलच्या डब्यात भरून, झाकणावर फडके बांधून, पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतात. त्यात साधे दूध, गूळ आणि जायफळ घालून तो कुकरमध्ये शिटी न लावता वाफवला की वीस-पंचवीस मिनिटांत खरवस तयार होतो. सुरी घातली तर स्वच्छ बाहेर येते आणि वड्या कडेने सरळ सुटतात. विरजण नाही, लिंबू नाही, अगर-अगर नाही. केवळ उष्णतेने हे सारे घडते.

मराठीत दुधाच्या या दोन घट्ट रूपांना दोन निराळी क्रियापदे आहेत. खरवस जमतो आणि दही लागते. भाषेने हा फरक चवीवरून किंवा कृतीवरून केला असेल, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही तो अचूक आहे, कारण जमणारे प्रथिन वेगळे आणि लागणारे वेगळे. गाईशिवाय, सूक्ष्मजीवांकडून दुधाची प्रथिने बनवून घेण्याचे जे उद्योग गेल्या दहा-बारा वर्षांत उभे राहिले, त्यांच्याविषयी उत्साहाने किंवा रागाने बोलणारे बहुतेक जण हा फरक लक्षात घेत नाहीत. मी सतरा वर्षे औद्योगिक विकरे (एन्झाइम) बनवणाऱ्या एका कारखान्याच्या किण्वन (फर्मेंटेशन) विभागात काम केले असल्यामुळे मला मात्र सारा मुद्दा या दोन क्रियापदांमध्येच दिसतो.

गाईच्या एका लिटर दुधात प्रथिने साधारण ३३ ग्रॅम असतात. त्यांपैकी सुमारे ८० टक्के केसीन गटातील आणि उरलेली २० टक्के निवळीत राहणारी, म्हणजे ज्यांना आता सर्वजण व्हे प्रोटीन म्हणतात ती. व्हे गटातले सर्वांत मोठे प्रथिन म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. १६२ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या घटक-मण्यांची, ही साखळी स्वतःभोवती घट्ट गुंडाळलेली असते. सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढे ती उलगडू लागते, तिच्या पोटात दडलेला गंधकाचा एक मोकळा हात बाहेर येतो आणि शेजारच्या साखळ्यांना पकडतो. पुरेशा साखळ्या जवळ असल्या की त्यांचे जाळे बनते आणि पाणी त्यात अडकून राहते. चिकामध्ये इम्युनोग्लोब्युलिन ही रोगप्रतिकारक प्रथिने आणि इतर व्हे प्रथिने साध्या दुधाच्या कित्येक पट असतात, म्हणून तो नुसत्या वाफेवर जमतो. साध्या दुधात ती इतकी विरळ असतात की दूध कितीही तापवले तरी खरवस होत नाही.

याची परीक्षा घरी करता येते. भाच्याच्या व्यायामशाळेच्या डब्यातील व्हे प्रोटीन आयसोलेट, ज्यात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचाच वाटा मोठा असतो, मी १०० मिलिलिटर पाण्यात १२ ग्रॅम विरघळवले, चिमूटभर मीठ घातले आणि वाटी वाफेवर ठेवली. पंधरा मिनिटांत उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, दाबल्यावर किंचित रबरी लागणारा गोळा तयार झाला. तेच द्रावण न तापवता दुसऱ्या वाटीत घेऊन, थोडी साखर घालून विरजण लावले, तर सकाळी वाटीत फक्त आंबट पाणी होते. भाच्याने दोन्ही वाट्या पाहिल्या आणि डब्याची किंमत मला पुन्हा एकदा सांगितली.

२०१४ साली रायन पंड्या आणि पेरुमल गांधी यांनी सुरू केलेल्या अमेरिकी कंपनीने, जी पुढे परफेक्ट डे या नावाने ओळखली गेली, गाईशिवाय बनवण्यासाठी हेच प्रथिन निवडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली त्यांच्या सुरक्षिततेच्या दाव्यावर कोणताही प्रश्न नसल्याचे कळवले आणि त्यातून आइस्क्रीम बाजारात आले. इस्रायलमधील रीमिल्क या कंपनीलाही तेथील आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये मान्यता दिली, तीही बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनसाठीच. अनेकांनी याच प्रथिनापासून सुरुवात करावी हा योगायोग नाही. ते आटोपशीर आहे, आपोआप योग्य घडी घालून घेते, पाण्यात विरघळलेले राहते आणि जठरातील पेप्सिन या पाचक विकरालाही सहजासहजी दाद देत नाही. ज्या सूक्ष्मजीवाकडून ते बनवून घ्यायचे त्याच्या पाचक विकरांपासून ते बऱ्यापैकी सुरक्षित राहते, आणि कारखान्यात काम केलेल्या माणसाला या गुणाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

परफेक्ट डेने वापरलेली बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा रीसाय. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर विरू लागले, तेव्हा त्याचे कारण शोधताना ही बुरशी हाती लागली. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज तोडणारी विकरे ही बुरशी अक्षरशः ओतते. आजच्या सुधारित वाणांमध्ये लिटरमागे १०० ग्रॅमपर्यंत. एल्विन रीस या संशोधकाच्या नावावरून तिला पुढे नाव मिळाले. या बुरशीच्या जनुकसंचात गाईच्या प्रथिनाचे जनुक बसवायचे, तिच्या स्वतःच्या विकरांची जनुके शक्य तितकी बंद करायची आणि तिची ओतण्याची सवय आपल्या कामी लावायची, असा हा बेत आहे. बुरशी गाळून टाकली की द्रावणात प्रथिन उरते. ते सूक्ष्म पडद्यांमधून गाळून दाट करायचे आणि गरम हवेत फवारून भुकटी करायची. भुकटीत बुरशी नसते.

यात नवे काय, असे कोणी विचारले तर तत्त्वतः काहीच नाही, असे उत्तर द्यावे लागेल. मधुमेहींसाठीचे मानवी इन्शुलिन १९८२ पासून अशाच रीतीने बाजारात आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या हिपॅटायटिस बी लशीतील प्रथिन यीस्टमध्ये तयार होते. खाद्यपदार्थांत तर त्याहून जवळचे उदाहरण आहे. चीज बनवताना दूध गोठवणारे कायमोसिन पूर्वी वासराच्या जठरातून काढत. त्याचे जनुक सूक्ष्मजीवात बसवून तयार केलेल्या कायमोसिनला अमेरिकेत १९९० मध्ये परवानगी मिळाली आणि आज तेथील बहुतेक चीज त्यानेच बनते. फरक प्रमाणाचा आहे. कायमोसिन टनभर दुधाला काही ग्रॅम पुरते आणि इन्शुलिन मिलिग्रॅममध्ये मोजतात. जे प्रथिन माणसाने पेल्याने प्यायचे, ते किलोने आणि टनाने बनवावे लागते. औषधाच्या दराने अन्न विकता येत नाही.

टनाने बनवणे म्हणजे काय, हे टाकीजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही. एका एप्रिलमध्ये मी रात्रपाळीला असताना आमच्या मोठ्या टाकीत बॅचचा तिसरा दिवस चालू होता. बुरशी दाट झाली होती, द्रव पिठल्यासारखा झाला होता, आणि विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा खाली सरकत होता. अशा वेळी हवा वाढवतात, ढवळण्याचा वेग वाढवतात. दोन्ही मी केले. ढवळण्याने उष्णता वाढते, बुरशी स्वतःही उष्णता सोडतच असते, आणि त्या रात्री थंड पाण्याचा पुरवठा कमी पडत होता. त्यातच फेस चढू लागला. फेसविरोधी तेलाची बाटली संपली होती आणि दुसरी भांडारात कुलपात होती. साडेतीनच्या सुमारास फेस वरच्या हवेच्या नळीतून बाहेर पडून गाळणीपर्यंत पोहोचला, गाळणी ओली झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात आम्हाला नको असलेले जिवाणू दिसले. सारी बॅच वाफेने मारून सांडपाण्यात सोडावी लागली. गाळणी वेळेवर न बदलणाराही मीच होतो, त्यामुळे अहवाल लिहिताना मला दुसऱ्या कोणाचे नाव घेता आले नाही. प्रथिन द्रवात जमा होत जाते तसतसा फेस वाढतो, कारण प्रथिनांचा तो स्वभावच आहे. आइस्क्रीममध्ये आपल्याला नेमका तोच गुण हवा असतो आणि टाकीत तोच नको असतो.

ही झाली जमणाऱ्या प्रथिनाची गोष्ट. लागणाऱ्या प्रथिनाची गोष्ट याहून अवघड आहे, आणि चीज, पनीर, दही, चक्का, खवा या साऱ्यांचा आधार तेच असल्यामुळे ती टाळताही येत नाही.

केसीन हे एक प्रथिन नव्हे. अल्फा-एस-१, अल्फा-एस-२, बीटा आणि कप्पा अशी चार केसीने असतात आणि ती दुधात सुटी फिरत नाहीत. हजारो रेणू मिळून साधारण १५० ते २०० नॅनोमीटर व्यासाचा गोळा बनवतात, ज्याला मायसेल म्हणतात. केसाच्या जाडीत असे चारपाचशे गोळे ओळीने बसतील. गोळ्याच्या आत कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण अडकवलेले असतात, दुधातील सुमारे दोन तृतीयांश कॅल्शियम तेथेच असते, आणि पृष्ठभागावर कप्पा-केसीनची लव असते जी गोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. दूध पांढरे दिसते ते मुख्यतः या गोळ्यांवर आणि स्निग्धांशाच्या थेंबांवर प्रकाश विखुरल्यामुळे. विरजणातल्या जिवाणूंनी आम्लता वाढवून सामू (पीएच) ४.६ च्या आसपास आणला की लव झोपते, कॅल्शियम सुटते, गोळे एकमेकांना बिलगतात आणि दही लागते. कायमोसिन मात्र कप्पा-केसीनची साखळी १०५ आणि १०६ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांमध्ये कापते, लव सरसकट भादरली जाते आणि चीजचा गोळा तयार होतो. हे सारे व्हायचे तर आधी मायसेल हवा.

मायसेल बनतो तो केसीनच्या साखळीवर ठरावीक ठिकाणी फॉस्फेटचे गट लावलेले असतात म्हणून. बीटा-केसीनवर पाच, अल्फा-एस-१ वर आठ-नऊ, अल्फा-एस-२ वर त्याहूनही अधिक. हे फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतात. गाईच्या कासेतील पेशींमध्ये ते काम करणारे विकर म्हणजे फॅम२०सी, ज्याची ओळख २०१२ मध्ये पटली. यीस्ट आणि बुरशी यांच्याकडे ते नसते. म्हणजे यीस्टला बीटा-केसीनचे जनुक दिले तर २०९ अमिनो आम्लांची साखळी ते बिनचूक बनवेल, पण तिला कॅल्शियम धरता येणार नाही. शिवाय केसीनची साखळी सैल, उघडी, कोणतीही पक्की घडी नसलेली असते. वासराला ती पटकन पचावी म्हणून निसर्गाने ती तशी ठेवली असावी, पण टाकीतल्या बुरशीची पाचक विकरेही तिचे तितक्याच सहजतेने तुकडे करतात. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचे जे गुण कारखान्याला सोयीचे होते, नेमके त्यांच्या उलट गुण येथे एकत्र आले आहेत.

यावर मार्ग निघत आहेत. फॉस्फेट लावणाऱ्या विकराचे जनुकही त्याच सूक्ष्मजीवात घालता येते. किंवा फॉस्फेट लागायचे त्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ॲस्पार्टिक आम्ल हे दुसरे अमिनो आम्ल ठेवून ऋणभाराची नक्कल करता येते, म्हणजे खऱ्या दागिन्याऐवजी मुलामा. पाचक विकरांची जनुके काढून टाकलेले वाण तयार केले जातात. काही कंपन्या चारही केसीनांचा हट्ट सोडून एकदोनांवरच मोझरेला साधू पाहतात. कॅलिफोर्नियातील न्यू कल्चर ही कंपनी पिझ्झावर ताणले जाणारे चीज हेच लक्ष्य ठेवून उतरली, आणि ते शहाणपणाचे होते, कारण काजू, नारळाचे तेल आणि स्टार्च यांपासून बनवलेले चीज वितळते पण त्याचे तार ओढले जात नाहीत. आपल्याकडे सुरतची झिरो काऊ फॅक्टरी ही कंपनी ए-२ प्रकारच्या बीटा-केसीनवर काम करते. ए-१ आणि ए-२ यांत ६७ क्रमांकाच्या एकाच अमिनो आम्लाचा फरक असतो, आणि ज्या बाजारात या एका अमिनो आम्लासाठी ग्राहक लिटरला दुप्पट पैसे मोजतो, तेथे ही निवड व्यापारी दृष्टीने बरोबरच म्हणावी लागेल.

आता थोडे गणित करू, कारण या विषयावरील लेखांत तेच गाळलेले असते. समजा १०,००० लिटरची टाकी आहे आणि लिटरमागे २० ग्रॅम प्रथिन मिळते. बॅचमागे २०० किलो झाले. शुद्धीकरणात पाव भाग गेला तर १५० किलो उरले. बॅच, धुलाई आणि निर्जंतुकीकरण मिळून आठवडा धरू. १५० किलो म्हणजे साधारण ४,५०० लिटर दुधातील प्रथिन, म्हणजे दिवसाला ६४० लिटर. मामांच्या गावातील एका लहान संकलन केंद्राच्या एका वेळच्या दुधाएवढे. भारताचे २०२३-२४ चे दूध उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन होते, त्यात प्रथिन ऐंशी लाख टनांच्या घरात येईल. तेवढे बनवायला अशा दहा लाखांहून अधिक टाक्या लागतील. टाक्या मोठ्या करता येतील, उत्पादन दुप्पट-चौपट करता येईल, तरीही हा आकडा पाहिल्यावर गाई-म्हशींचे दिवस संपले असे लिहिणाऱ्यांनी जरा थांबावे. साखर कारखानदारांनीही लगेच हुरळून जाऊ नये. ट्रायकोडर्मा रीसाय किंवा पिकिया यीस्ट उसाची साखर जशीच्या तशी खात नाहीत. आधी तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करून द्यावे लागते. तो खर्च फारसा नाही, पण कागदावरच्या योजनेत तो बहुतेक वेळा दिसत नाही.

दुसरी अडचण अशी की बनवायला सोपे असलेले प्रथिन हे जगात चीजचे उपउत्पादन म्हणून मिळते. युरोप-अमेरिकेत चीज बनवताना निवळी निघतेच. एके काळी ती डुकरांना घालत किंवा नदीत सोडत. उपउत्पादनाशी किमतीत झगडणे कोणत्याही टाकीला कठीण असते. भारतात मात्र स्थिती निराळी आहे. आपण चीजपेक्षा पनीर अधिक करतो, आणि पनीरसाठी दूध आधी कडकडीत तापवतो. त्या उष्णतेने बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडून कप्पा-केसीनला चिकटते आणि पनीरबरोबरच बाहेर येते. निवळीत फारसे उरत नाही. दही घट्ट कवडीचे हवे तर दूध चांगले उकळून घ्यावे असे घरोघरी सांगतात, त्याचे कारणही हेच. त्यामुळे व्यायामशाळांतील डब्यांमधले व्हे प्रथिन बरेचसे परदेशातून येते. टाकीतल्या व्हेला आपल्याकडे पहिली गिऱ्हाइके मिळतील ती या डब्यांतच, असा माझा अंदाज आहे. चहाच्या दुधात नव्हे. परफेक्ट डेने गुजरातेतील स्टर्लिंग बायोटेक २०२२ मध्ये विकत घेतली, तेव्हा प्राण्यांशिवाय प्रथिन बनवणाऱ्या कंपनीच्या हाती जनावरांच्या हाडांपासून जिलेटिन काढणारा कारखाना आला, हा विनोद कोणी फारसा केला नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दूध म्हणजे निरोगी दुभत्या जनावराच्या कासेतून आलेला स्राव, आणि सोया किंवा बदामाच्या पेयांना दूध म्हणू नये असे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बजावले आहे. हे प्रथिन मात्र सोयाचे नाही, रेणूने ते गाईचेच आहे. त्यामुळे ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी ते गाईच्या दुधाइतकेच धोक्याचे आहे, आणि हे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेच पाहिजे. ‘प्राणीविरहित’ एवढेच वाचून एखाद्या आईने ते मुलाला दिले तर अनर्थ होईल. ज्यांना केवळ लॅक्टोज पचत नाही त्यांना मात्र ते चालते, कारण टाकीत लॅक्टोज कोणी बनवलेलेच नसते. हे दोन त्रास लोक नेहमी एकच समजतात.

गेल्या दिवाळीत मी हे सारे मामांना सांगत होतो. त्यांच्याकडे सात गाई आहेत. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला घालतात आणि दहा दिवसांनी पगार होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्याला फॅट किती लागते?” मी म्हटले, फॅट नाहीच, नुसते प्रथिन. ते म्हणाले, “मग भाव कशावर धरायचा?” २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, तेव्हा त्यांच्या हिशेबात पेंडीचे पैसे जेमतेम सुटले होते, त्यांच्या मते गाईवर संकट आलेच तर ते टाकीतून येण्याआधी सरकी पेंडीच्या पोत्यातून येईल. मामींचा प्रश्न वेगळा होता. “तुझ्या त्या पावडरीचं दही लागतं का?”

आज बाजारात असलेल्या भुकटीचे लागत नाही. ज्या दिवशी टाकीत बनलेले केसीन किलोने मिळू लागेल त्या दिवशी मी एक किलो घेणार आहे. पाण्यात मिसळीन, कॅल्शियम आणि फॉस्फेट मोजून घालीन, लोणी फेटून घालीन, जिवाणूंच्या पोटासाठी थोडे लॅक्टोज टाकीन, उकळून कोमट करीन आणि मामींच्या घरचे चमचाभर विरजण लावून रात्रभर ओट्यावर झाकून ठेवीन. सकाळी पातेले तिरके केल्यावर आतले हलले नाही, तर त्यांना फोन करीन.